‘फोरबोडिंग’ला मराठीत काय म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते आणि अधूनमधून शिकवतेही. एखादा शब्द अडला की लोक मला विचारतात, आणि सगळ्यात जास्त अडणाऱ्या शब्दांत हा एक हमखास असतो. तेच ते उत्तर वेगवेगळ्या माणसांना लिहून पाठवण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हणून हा खटाटोप. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, वाकडे नंतर.

१. फोरबोडिंग म्हणजे नेमकं काय?

काहीतरी वाईट घडणार असं आतून वाटत राहतं, पण काय घडणार, कधी आणि कुणाच्या बाबतीत, हे विचारलं तर सांगता येत नाही. त्या वाटण्याला इंग्रजीत फोरबोडिंग म्हणतात. ते पुढचं असतं, वाईट असतं आणि धूसर असतं. यातली एक गोष्ट वगळली तर शब्द बदलतो.

पेपर कोरा टाकून आलेल्या मुलाला निकालाच्या दिवशी वाटते ती साधी भीती, कारण तिला कारण आहे. पेपर उत्तम गेलेला, घरात पेढ्यांचं बोलणं चाललेलं, आणि तरी त्या सकाळी चहाचा कप हातात धरून मुलगी गप्प बसून राहते. ‘काय झालं गं?’ असं विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते. तिचं ते ‘काही नाही’ म्हणजे फोरबोडिंग.

२. उच्चार कसा करायचा? क्रियापद कोणतं?

फोर-बो-डिंग, जोर ‘बो’वर. क्रियापद ‘फोरबोड’, पण आजच्या इंग्रजीत ते क्वचितच भेटतं. नाम म्हणून ‘फोरबोडिंग’ आणि साधं क्रियापद म्हणून ‘बोड’ ही दोन रूपं ओळखीची झाली तरी पुरे. ‘बोड’ची गंमत प्रश्न ७ मध्ये आहे.

३. शब्द किती जुना? तो आला कुठून?

यातला ‘बोड’ हा भाग अस्सल जुन्या इंग्रजीतला, म्हणजे नॉर्मन लोक १०६६ मध्ये इंग्लंडात उतरले त्याच्याही आधीचा. तेव्हा ‘बोडा’ म्हणजे निरोप्या, जासूद. ‘बोडियन’ म्हणजे जाहीर करणं, वर्दी देणं, पुढचं सांगणं. धर्मोपदेश करण्यालाही हेच क्रियापद वापरत. जर्मनमध्ये निरोप्याला आजही ‘बोटे’ म्हणतात आणि डचमध्ये ‘बोडे’. ही सगळी एकाच घरातली भावंडं.

‘फोर’ म्हणजे आधी. जुन्या इंग्रजीत ‘फोरबोडुंग’ असा शब्द होता आणि त्याचा अर्थ भविष्यवाणी. पुढे चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘फोरबोडिंग’ म्हणजे शकुन, चिन्ह असा अर्थ दिसतो. ‘वाईट घडणार असं मनाला वाटणं’ हा आजचा अर्थ साधारण १६०० च्या आसपास रुळला.

हा प्रवास मला फार बोलका वाटतो. आधी निरोप्या बाहेरून यायचा आणि चौकात उभा राहून मोठ्यानं सांगायचा. मग त्याच्याऐवजी चिन्ह आलं, म्हणजे निरोप होता पण तो वाचून घ्यावा लागे. शेवटी निरोप्या माणसाच्या आतच येऊन बसला आणि त्याची वाचाच गेली. आज फोरबोडिंग होतं तेव्हा कुणीतरी आलंय एवढं कळतं, पण तो तोंड उघडत नाही. भाषांतर करताना हा मुका निरोप्या डोळ्यांसमोर ठेवला तर निम्मं काम होतं.

४. ‘बोड’ आणि आपला ‘बोध’ यांचं काही नातं आहे का, की नुसता ध्वनीचा योगायोग?

नातं आहे. भाषाशास्त्रज्ञ दोन्ही शब्द एकाच मूळ धातूपर्यंत नेतात, आणि त्या धातूचा अर्थ जागं असणं, जाणीव होणं, जाणीव करून देणं. त्याच धातूतून संस्कृतात ‘बुध्’ आला, त्यातून बोध, बुद्धी आणि बुद्ध. संस्कृतातल्या ‘ध’च्या जागी इंग्रजीत ‘ड’ येणं नेहमीचंच आहे: मधु आणि मीड (मधापासूनचं मद्य), विधवा आणि विडो. बोध आणि बोड त्याच रांगेतले.

‘बोडकं’शी मात्र काही संबंध नाही. हा प्रश्न तिघांनी तरी विचारला आहे, म्हणून सांगून टाकते.

५. मग मराठीत एकच नेमका प्रतिशब्द सांगा ना.

एकच नाही, आणि तो नाही याचं मला वाईटही वाटत नाही. मराठीत या जाणिवेला नाम फारसं देत नाहीत. आपण ती क्रियापदांनी आणि शरीरानं सांगतो.

‘मनात नाही नाही ते येतं’ हा माझ्या मते सगळ्यात जवळचा प्रयोग. त्यात वाईटही आहे, धूसरही आहे आणि पुढचंही आहे. शिवाय ‘नाही नाही’ म्हणताना बोलणारा ती गोष्ट हातानं झटकून टाकतो, हे इंग्रजी शब्दात नाही. मुंबईहून रात्रीच्या बसनं निघालेला मुलगा सकाळी नऊपर्यंत पोचला नाही आणि फोन लागत नाही, तेव्हा साताऱ्यातली आई हेच म्हणते.

‘मनात शंकेची पाल चुकचुकली’ हा दुसरा. यात धूसरपणा थोडा कमी, कारण पाल सहसा कुणाच्या तरी वागण्यावरून चुकचुकते. खात्याचा तपशील मागितल्यावर भागीदार विषय बदलू लागला की पाल चुकचुकते. पण मूळ कल्पना शकुनाचीच. आमच्याकडे भिंतीवर पाल चुकचुकली की आजी जमिनीवर बोट आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची. बोलणं अर्धवट टाकून आधी ते करायची, मग पुढचं वाक्य.

‘काळजात धस्स झालं’ हा क्षणाचा अनुभव आहे. बातमी कळताना किंवा कळायच्या क्षणभर आधी तो येतो. फोरबोडिंग रेंगाळतं, धस्स रेंगाळत नाही. रात्री दोनला फोन वाजला की धस्स होतं. तो फोन येईल असं संध्याकाळपासून वाटत असेल तर ते फोरबोडिंग.

‘हुरहुर’ गोड आहे. तिच्यात विरह असतो आणि वाटही पाहणं असतं, म्हणून नुसती ‘हुरहुर’ इथे चालत नाही. ‘अनामिक हुरहुर’ तर कथा-कादंबऱ्यांनी इतकी झिजवली आहे की मी ती वापरायचीच थांबवली.

‘चाहूल’ हा सुंदर शब्द आणि निरोप्याच्या कल्पनेशी जुळणाराही, कारण चाहूल म्हणजे कुणी येत असल्याची, पावलांची जाणीव. पण चाहूल पावसाचीही लागते आणि थंडीचीही. फोरबोडिंगसाठी वापरायची तर ‘अघटिताची चाहूल’, ‘अरिष्टाची चाहूल’ असं काहीतरी जोडावं लागतं, आणि मग वाक्य जरा पोशाखी होतं. ऐतिहासिक कादंबरीत शोभतं, स्वयंपाकघरातल्या संवादात नाही.

थोडक्यात, पात्र कोण आहे आणि ते कुठे उभं आहे ते आधी पाहा, मग शब्द निवडा.

६. शब्दकोशात ‘पूर्वसूचना’ दिलं आहे. ते का चालत नाही?

कारण ती महापालिका देते. ‘कोणतीही पूर्वसूचना न देता पाणीपुरवठा बंद’ हे वाक्य मराठी वाचकाच्या कानात इतकं पक्कं बसलं आहे की कथेत ‘तिला पूर्वसूचना मिळाली होती’ असं वाचलं की दारावर नोटीस चिकटवल्यासारखं वाटतं. माझ्या पहिल्यावहिल्या भाषांतरात मी नेमकं हेच लिहिलं होतं. संपादकांनी समासात पेन्सिलनं विचारलं होतं, ‘लेखी की तोंडी?’

‘पूर्वाभास’ त्यापेक्षा बरा, पण पुस्तकी आहे आणि भल्याबुऱ्या दोन्हींना लागू पडतो. ‘अंतःप्रेरणा’ तर वेगळीच गोष्ट. ती माणसाला काहीतरी करायला लावते, फोरबोडिंग बहुधा जागेवर खिळवून ठेवतं.

७. चांगल्या गोष्टीचं फोरबोडिंग होतं का? ‘मला नोकरी मिळणार असं फोरबोडिंग होतंय’ बरोबर आहे का?

आजच्या इंग्रजीत चूक. हे वाक्य मुलाखतीत बोललात तर समोरचा तुमच्याकडे काळजीनं पाहील.

पण ‘बोड’ या एकट्या क्रियापदाला भलं-बुरं दोन्ही चालतं. इंग्रजी बातम्यांत ‘बोड्स वेल’ आणि ‘बोड्स इल’ ही जोडी रोज दिसते. जूनचा पाऊस वेळेवर आला तर ते खरिपासाठी ‘बोड्स वेल’. त्याला मराठीत तयार प्रयोग आहेत: ‘चिन्हं चांगली आहेत’, ‘लक्षण बरं दिसतंय’. उलट बाजूला ‘चिन्हं काही ठीक दिसत नाहीत’ आणि सगळ्यात मराठी म्हणजे ‘काही खरं नाही’. ‘शुभसंकेत देते’ असं लिहायचा मोह होतो, पण ते पंचांगात छान दिसतं.

एक सावधगिरी: ‘बोड’ बाहेरच्या गोष्टीला लागतं, माणसाच्या मनाला नाही. ढग बोड करतात, आकडे बोड करतात. ‘मी बोड करतो’ असं आज कुणी म्हणत नाही.

८. प्रिमोनिशन, प्रेझेंटिमेंट, प्रेसेज. हे सगळे एकच ना?

शेजारी आहेत, एका घरातले नाहीत. तिघंही लॅटिनमधून आले.

प्रिमोनिशनच्या मुळाशी ‘आधी बजावणं’ आहे. म्हणून त्यात आशय जास्त स्पष्ट असतो: पूल पडलेला दिसला, अमुक माणूस पाण्यात दिसला. फोरबोडिंगमध्ये चित्र नसतं, नुसतं वजन असतं. स्वप्नात दिसलं असेल तर बहुधा प्रिमोनिशन.

प्रेझेंटिमेंट म्हणजे शब्दशः ‘आधी जाणवणं’. फ्रेंचमार्गे अठराव्या शतकात इंग्रजीत आला आणि आज जुन्या कादंबऱ्यांतच भेटतो. भल्याबुऱ्या दोन्हींना चालतो, त्यामुळे ‘पूर्वाभास’ इथे निर्धास्त वापरा.

प्रेसेज मला आवडतो, कारण तो निसर्गात जास्त रमतो. वाऱ्याचा रोख बदलतो आणि तो वादळाला प्रेसेज करतो. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणून ओरडू लागतो, किंवा यंदा कावळ्यानं घरटं कोणत्या झाडावर आणि किती उंच बांधलं यावरून जुनी माणसं पावसाचा अंदाज बांधतात, ते प्रेसेज. तिथे पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येत नाही, तो फक्त वाचतो.

९. हंच आणि इंकलिंग कुठे बसतात?

दोन्ही हलके. इंकलिंगच्या मुळाशी मध्ययुगीन इंग्रजीतलं एक क्रियापद आहे, अर्थ ‘हळू आवाजात काही बोलणं’. म्हणजे आपली ‘कुणकुण’! शब्दाला शब्द असा बसतो की भाषांतर करणाऱ्याला सुट्टी. ‘तिला बदलीची कुणकुण लागली होती’, संपलं.

हंचचा मूळ अर्थ धक्का, ढोसणं. अंदाज हा अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रूढ झाला. जुगाऱ्यांच्या बोलीतून तो आला असं सांगितलं जातं. ‘मला आपलं वाटलं’, ‘अंदाजपंचे’ अशा सुरात तो मराठीत आणावा.

१०. ओमेन म्हणजे अपशकुन ना? मग तेच फोरबोडिंग नाही का?

ओमेन बाहेर असतो, फोरबोडिंग आत. मांजर आडवं गेलं हा ओमेन. त्यानंतर दिवसभर जे वाटत राहिलं ते फोरबोडिंग. आणि ओमेन शुभही असतो, म्हणून ‘शकुन’ म्हणा. अपशकुनाला इंग्रजीतही वेगळं विशेषण जोडावं लागतं.

संस्कृतात ‘शकुन’ या शब्दाचा एक अर्थ पक्षी. पक्ष्यांच्या उडण्या-ओरडण्यावरून पुढचं ओळखायचं, म्हणून पक्ष्याचं नाव चिन्हालाच पडलं. तिकडे रोममध्येही हेच: ‘ऑस्पिशस’ या इंग्रजी शब्दाच्या पोटात लॅटिनमधले पक्षी आणि पाहणं हे दोन शब्द आहेत. तिबर नदीकाठचा पुजारी आणि कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणून मूठभर तांदूळ जास्त घेणारी आपली मामी, दोघांचं शास्त्र एकच.

शरीरावरचे शकुन मात्र मधल्या सीमेवर पडतात. डोळा लवणं, तळवा खाजणं हे आतही आहे आणि चिन्हही. बाईचा डावा डोळा लवला तर चांगलं, पुरुषाचा उजवा, हा आपला संकेत इंग्रजी वाचकाला माहीत नसतो. मराठी कथा इंग्रजीत नेताना ‘तिचा उजवा डोळा लवला’ एवढंच लिहिलंत तर त्याला वाटेल, धूळ गेली असावी.

११. फोरबोडिंग आणि फॉरबिडिंग यांत गोंधळ होतो. कसं लक्षात ठेवायचं?

फॉरबिडिंग म्हणजे जवळ येऊ न देणारं, दटावणारं. उंच तटबंदी, कपाळावर आठ्या घातलेला मुख्याध्यापक. फोरबोडिंगमध्ये ‘पुढे काहीतरी होणार’ हा काळ आहे, फॉरबिडिंगमध्ये काळ नाही, फक्त ‘खबरदार’ आहे. ‘फॉरबिड’मधला ‘फॉर’ हा ‘आधी’वाला ‘फोर’ नव्हे, तो मनाईचा आहे. गंमत अशी की ‘बिड’ची एक शाखा त्याच ‘बोध’वाल्या धातूला जाऊन मिळते (प्रश्न ४). म्हणजे गोंधळ होतो तो चुलतभावंडांत होतो.

१२. शेक्सपिअरमध्ये यासाठी आणखी जुना शब्द आहे असं ऐकलं.

आहे, ‘गेनगिव्हिंग’. हॅम्लेटच्या पाचव्या अंकातल्या दुसऱ्या प्रवेशात. लेअर्टीझशी तलवारीचा सामना ठरला आहे, हॅम्लेट म्हणतो की जिंकेन, पण इथे काळजापाशी सगळं किती बिघडलंय ते तुला सांगता येणार नाही. आणि लगेच ते उडवून लावतो: वेडेपणा आहे, एखाद्या बाईला कदाचित त्रास देईल अशा जातीचं गेनगिव्हिंग आहे हे. त्याचा मित्र होरेशिओ सांगतो, मनाला नको वाटत असेल तर मनाचं ऐक. तो ऐकत नाही. पुढचं ठाऊकच आहे: त्या सामन्यातच तो जातो.

‘गेन’ म्हणजे विरुद्ध, आणि ‘गिव्ह’ इथे ‘मन सुचवतं’ या अर्थी. मन उलटं सांगू लागतं. हा शब्द इंग्रजीतून गेला, पण त्याचा भाऊ ‘मिसगिव्हिंग’ राहिला. मराठीत ‘मन कच खातं’ म्हटलं तर फार भेकड होतं. ‘मन घेत नाही’ हे मला सगळ्यात चपखल वाटतं. सगळं ठरलंय, बॅग भरलीय, तिकीट खिशात आहे, पण मन घेत नाही. एकोणिसाव्या शतकात आगरकरांनी हे नाटक ‘विकारविलसित’ नावानं मराठीत आणलं. त्यांच्या काळापासून आजवर या प्रवेशापाशी प्रत्येक भाषांतरकाराला थांबून विचार करावा लागला असणार.

१३. इंग्रजी कथेत आकाश ‘फोरबोडिंग’ असतं. ‘काळेकुट्ट ढग दाटून आले होते’ लिहिलं की झालं ना?

नाही, आणि हा सापळा आहे. इंग्लंडातल्या वाचकाला काळे ढग म्हणजे उदासी. मराठी वाचकाला जूनमध्ये काळे ढग म्हणजे जीव भांड्यात पडणं. तुम्ही भीती लिहायला जाल आणि वाचकाला मातीचा वास येईल.

ऋतू बदला की तेच ढग भिववतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिककडे द्राक्षाचे घड काढणीला आलेले असताना दुपारी अचानक वारा पडतो, उकडायला लागतं आणि पश्चिमेला ढग चढू लागतात. बागाईतदार बांधावर उभा राहून वर पाहतो, काही बोलत नाही. गारपिटीचा ‘ग’ही तो उच्चारत नाही. हे आकाश फोरबोडिंग. मूळ कथेचा ऋतू बदलता येत नसेल तर ढगांवर भर देऊ नका, खालच्या माणसांच्या गप्प होण्यावर द्या. ‘मळभ’ हा शब्द अशा वेळी ‘काळेकुट्ट’पेक्षा जास्त काम करतो.

१४. भेंडवळची घटमांडणी, देवाचा कौल, हे फोरबोडिंग म्हणता येईल?

नाही. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. गोव्यात, कोकणात देवाला कळे लावून कौल घेतात. दोन्हीकडे माणूस स्वतः विचारायला जातो आणि उत्तर मिळतं. फोरबोडिंग न विचारता येतं आणि उत्तर देत नाही.

१५. पण असं आधी कळतं हे खरं आहे का? कुणी तपासलंय?

तपासलंय, आणि त्यातलं एक प्रकरण विसरता येत नाही.

२१ ऑक्टोबर १९६६. वेल्समधलं अ‍ॅबरफॅन गाव. सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावरचा खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचा ढीग घसरून खालच्या शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. जॉन बार्कर नावाचे मनोविकारतज्ज्ञ तिथे पोचले, तेव्हा अनेकांना आधी काहीतरी जाणवलं होतं असं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी पीटर फेअर्ली या पत्रकाराच्या मदतीनं लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मधून आवाहन केलं, आणि ७६ उत्तरं आली. पण ती आली घटनेनंतर. म्हणून १९६७ मध्ये दोघांनी एक नोंदणी कार्यालयच काढलं: ज्याला जे जाणवेल ते त्यानं घटनेच्या आधी कळवावं, मग पडताळू. शेकडो भाकितं आली आणि बहुसंख्य फोल ठरली. १९६८ मध्ये बार्कर वारले.

अलीकडचं म्हणाल तर २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डॅरिल बेम यांनी हजारहून जास्त लोकांवरचे नऊ प्रयोग प्रसिद्ध केले आणि पुढचं आधी जाणवतं असा निष्कर्ष काढला. मोठी खळबळ झाली. ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्यातला एक प्रयोग तीन ठिकाणी जसाच्या तसा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही.

अ‍ॅबरफॅनमधली एक गोष्ट मात्र या सगळ्या चर्चेत मागे पडते. १९६३ मध्ये, म्हणजे तीन वर्षं आधी, स्थानिक परिषदेच्या अभियंत्यानं शाळेमागच्या या धोक्याबद्दल खाण मंडळाला लेखी कळवलं होतं. हा खरा ‘बोडा’, जुन्या इंग्रजीतला, कागद हातात घेऊन आलेला निरोप्या (प्रश्न ३). १९६७ च्या चौकशी अहवालानं दोष खाण मंडळावरच ठेवला. कुणाला काय स्वप्न पडलं यापेक्षा त्या पत्राचं काय झालं, हे वाचताना मला जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

१६. माझी आई नेहमी म्हणते, ‘मला आधीच वाटलं होतं’. आणि ती खोटं बोलत नाही.

बोलत नसणारच. आठवणीचा स्वभावच तसा आहे. घरातल्या कुणाबद्दल आठवड्यातून एकदा जरी काळजीनं पोट ढवळलं, तरी वर्षाला बावन्न वेळा, दहा वर्षांत पाचशेवर. त्यातली एक वेळ खरी ठरली की ती जन्मभर लक्षात राहते, बाकीच्या पाचशे संध्याकाळच्या भाजीबरोबर शिजून जातात. शिवाय एकदा घडून गेलं की मन मागे जाऊन धागे जुळवतं: ‘तरीच त्या दिवशी दिवा विझला.’ ज्या दिवशी दिवा विझला आणि काहीच झालं नाही, तो दिवस कुणी सांगत नाही.

आणि काही वेळा आईला खरोखर कळलेलं असतं, पण त्यात गूढ काही नसतं. मुलाच्या फोनवरच्या आवाजातला एक उतार, नेहमीपेक्षा आधी आलेलं ‘ठेवतो’. हे तिनं टिपलेलं असतं, पण टिपलंय हे तिला माहीत नसतं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण करणाऱ्यानं आईलाच पाहिलं असावं.

१७. ‘देजा वू’ही यातलंच का?

नाही, ते उलट्या तोंडाचं: हे आधी घडलंय असं वाटणं. पण त्या क्षणी अनेकांना ‘आता पुढे काय होणार तेही मला माहीत आहे’ असं वाटतं, म्हणून गल्लत होते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या अ‍ॅन क्लिअरी यांनी २०१८ मध्ये हे तपासून दाखवलं. लोकांना खात्री वाटत होती, पण प्रत्यक्ष अंदाज नाणेफेकीपेक्षा बरे नव्हते.

१८. डॉक्टर या भावनेला लक्षण मानतात असं वाचलं. खरं?

खरं, आणि या यादीतलं सगळ्यात उपयोगाचं उत्तर हेच. ‘आता माझं काही खरं नाही’, ‘मी काही वाचत नाही’ अशी अचानक, प्रबळ जाणीव हृदयविकाराच्या झटक्यात, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते तेव्हा, तीव्र अ‍ॅलर्जीत किंवा न जुळणारं रक्त चढवलं जातं तेव्हा होऊ शकते. रक्त चढवताना पेशंट असं काही म्हणाला की तिथेच थांबून तपासायचं, हे परिचारिकांना शिकवलेलं असतं. पॅनिक अटॅकमध्येही हीच जाणीव होते, म्हणून ती प्रत्येक वेळी जिवावरची नसते, पण कोणती ती घरी बसून ठरवायची नाही. छातीत दुखणं, घाम, धाप, अंगावर पित्त उठणं यांतलं काही सोबत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आलं की घरचे ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून गप्प करतात. तेव्हा गप्प करू नका, विचारा: कुठे काय होतंय?

१९. मराठी पात्रं आपलं फोरबोडिंग बोलून का दाखवत नाहीत? भाषांतरात संवाद अडतो.

कारण आपल्याकडे वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते. वाईट उच्चारलं की ते खरं व्हायची भीती. जो उच्चारतो त्याला ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून दटावतात, आणि म्हणीतला तो नाऱ्या बिचारा मांडवाला आग लागल्याची वर्दीच तर देत असतो. इंग्रजी पात्र सरळ म्हणतं की मला फोरबोडिंग होतंय. मराठी पात्र उठून देवापुढचा दिवा सारखा करतं, किंवा निघालेल्याला म्हणतं, ‘पोचल्यावर फोन कर हं.’ अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांना हे वाक्य निव्वळ सवयीचं वाटतं. बऱ्याचदा ते असतंही. पण एकदा दाराशी आणि एकदा जिन्यावरून ओरडून, असं दोनदा म्हटलं की समजावं.

२०. कथेच्या शेवटी काहीच वाईट घडत नाही. तरी सुरुवातीच्या भावनेला फोरबोडिंग म्हणायचं?

म्हणायचं. शब्द वाटण्याचा आहे, घडण्याचा नाही. ‘प्रिमोनिशन’ फसलं तर इंग्रजीतही त्याला प्रिमोनिशन म्हणताना जीभ थोडी अडते, फोरबोडिंगला ती अडचण नाही. मात्र मराठीत अशा ठिकाणी ‘चाहूल’ टाळा. चाहूल लागली म्हणजे कुणीतरी येत होतं, असं वाचक धरून चालतो, आणि शेवटी कुणीच आलं नाही की भाषांतरात चूक झाली असं त्याला वाटतं. तिथे ‘नाही नाही ते मनात आलं’ बरं पडतं. मुलगा दुपारी एकला घरी पोचतो, बस खंडाळ्यात बंद पडली होती म्हणून सांगतो, फोनची बॅटरी संपलेली. आई ‘हात धू, जेवायला वाढते’ म्हणते आणि आत जाते.